भाचीच्या एकांकिकेचे फोटो हलले. आता फुल फ्रेम घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. भाचीची एकांकिका भरत नाट्य मंदिरात झाली. मामा आठव्या रांगेत कॅमेरा घेऊन बसले होते: कॅनॉन १५००डी आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ लेन्स. फ्लॅश मारायचा नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते पाळलंही. दोनशे दहा फोटोंपैकी दाखवण्याजोगे जेमतेम नऊ निघाले, बाकी सगळे 'धुरकट'. आता दुकानदार म्हणतोय फुल फ्रेम (म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा) घ्या, ऑफिसातला मित्र म्हणतोय ट्रायपॉड घ्या, आणि पुढच्या महिन्यात कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात पुन्हा प्रयोग आहे. नमुन्याला त्यांनी तीन फोटो दिलेत, आकड्यांसकट. तिन्हींचे आकडे सारखेच: लेन्स ५५ एमएमवर, अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ ५.६, शटर १/१५ सेकंद उघडं, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००.

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात नाटकांचे, नाचाचे आणि मैफलींचे फोटो काढतोय. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नुसतं 'फोटो नीट येत नाहीत' म्हणणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे.

आधी 'धुरकट' या शब्दाची फोड करू, कारण त्यात तीन वेगवेगळे आजार लपलेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून बघा. नेपथ्यातली खुर्ची, मागची चौकट, नटाचा चेहरा, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हललाय. खुर्ची स्वच्छ आणि नटाचा हात तेवढा पुसट असेल, तर नट हललाय. आणि मागच्या पडद्याची शिवण स्पष्ट, पण पुढच्या मुलीचे डोळे मऊ असतील, तर कुणीच हललेलं नाही, फोकस चुकलाय. तुमच्या पहिल्या फोटोत टेबलावरच्या कंदिलाच्या ठिपक्याची बारीक अळी झालीय, म्हणजे तिथे हात हलला. दुसऱ्यात टेबल कडक आहे आणि भाचीच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. तिसरा फोकसचा. एका प्रयोगात तिन्ही आजार, म्हणजे अगदी नेहमीची केस.

पहिल्या दोघांचं मूळ मात्र एकच, ते १/१५. बोलताना हात सहज सेकंदाला मीटरभर वेगाने फिरतो. १/१५ सेकंदात तो साडेसहा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अडीच इंच. १/२५० ला तोच हात चार मिलिमीटर सरकेल. त्यामुळे खरा प्रश्न 'कोणता कॅमेरा घेऊ' हा नाहीच. कॅमेऱ्याने १/१५ का निवडलं, हा आहे. ते त्याने दोन कारणांनी निवडलं, आणि दोन्ही तुमच्या हातातली आहेत.

पहिलं कारण तुम्हीच लिहिलंय: 'नॉइज येतो म्हणून आयएसओ ८०० च्या वर नेला नाही.' नॉइज म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, आणि ही भीती मला चांगली ओळखीची आहे. माझी सुरुवात रोलच्या काळातली. दाणे नकोत म्हणून पहिल्याच नाटकाला मी १०० चा रोल घालून गेलो होतो. दिग्दर्शकाने कॉन्टॅक्ट शीटवर भिंग फिरवलं आणि विचारलं, "यात नट किती आणि भुतं किती?" त्यानंतर मी ४०० चा रोल १६०० समजून काढायला लागलो आणि लॅबवाल्याला 'पुश कर', म्हणजे रोल जास्त वेळ धुवून उजळ कर, म्हणून सांगायला लागलो. दाणे रवाळ यायचे, पण नाटक दिसायचं. आजही माझं मत तेच आहे. दाणेदार फोटो लोक आवडीने बघतात, हललेल्या फोटोला कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. तुमचा कॅमेरा ६४०० पर्यंत सरळ जातो. ३२०० ला तो जे दाणे देतो ते कॉम्प्युटरवर नाक लावून बघितलं तर दिसतात. फोनवर किंवा आठ बाय बाराच्या प्रिंटवर भाचीची आईसुद्धा ते शोधून काढणार नाही.

एक मात्र टाळा. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि घरी येऊन उजळायचा, ही युक्ती लोक करतात. सावल्यांतली घाण त्याने आणखी वर येते. प्रयोगातच पुरेसा उजळ घ्या.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. रंगमंचावर काय असतं? उजेडात एक-दोन चेहरे, आणि बाकी काळे पडदे, काळ्या विंगा, काळी जमीन. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला हे नाटक आहे हे कळत नाही. त्याला एवढा काळोख दिसला की तो बिचारा सगळं उजळवायला बघतो. पडदा राखाडी होतो, चेहरा पांढराफटक पडतो, आणि त्या नको असलेल्या उजेडासाठी शटर जास्त वेळ उघडं राहतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत भाचीचं कपाळ जळलंय आणि मागच्या पडद्याच्या चुण्या मोजता येतात. त्या चुण्या दाखवण्यासाठी तुम्ही तिचा हात गमावलात!

१५००डी मध्ये स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं, नाही. पार्शल आहे, मधल्या साधारण दहा टक्के भागापुरतं मोजणारं. ते चालतं, पण नट मधून सरकला की आकडे नाचतात. म्हणून मी सरळ मॅन्युअल वापरतो. शटर आणि अपर्चर मी ठरवतो, पहिल्या प्रवेशात तीन-चार फोटो काढून चेहरा बघतो, आणि फोटो परत बघताना चेहऱ्यावर हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग दाखवणारी खूण) दिसली की उजेड कमी करतो. पुण्यातल्या बहुतेक प्रयोगांत एकदा बसवलेला आकडा त्या प्रवेशापुरता टिकतो. प्रकाशयोजनेत सतत बदल असतील, तर मॅन्युअल जड जाईल. तेव्हा शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेऱ्याने), ऑटो आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या निम्माच उजेड. कधीकधी उणे दोनही लागतं. पडदे किती काळे आहेत यावर ते आहे, आणि कोथरूडच्या प्रयोगाला कसा लाइट असेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

आता हिशोब करू. फोटोवाले 'स्टॉप' म्हणतात तो म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आयएसओ ८०० वरून ३२०० केला की दोन स्टॉप मिळाले: १/१५ चं १/६० झालं. चेहऱ्यापुरतं मोजून एक स्टॉप वाचवला: १/१२५ झालं. एक पैसा खर्च न करता, त्याच लेन्सवर, त्याच आठव्या रांगेतून. उभं राहून बोलणाऱ्या नटाला १/१२५ पुरतं. ६४०० ला नेलं तर १/२५०, म्हणजे चालताबोलता प्रवेशही झाला.

आणि खर्च करायचाच असेल, तर ५० एमएम एफ १.८ लेन्सवर करा. कॅनॉनच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी ती एक आहे, आणि वजनाला आमरसाच्या वाटीएवढी. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे सव्वातीन स्टॉप. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने अडीच पट मोठा, म्हणजे फायदा सव्वा-दीड स्टॉपच्या आतला. शिवाय त्याला साजेशा लेन्सा वेगळ्या घ्याव्या लागतील. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तुमचा वेगळा.

५० एमएम तुमच्या कॅमेऱ्यावर किती दाखवेल? सात मीटरवरून, साधारण पाचव्या-सहाव्या रांगेतून, आडव्या फ्रेममध्ये दहा फूट रुंदी आणि जेमतेम सात फूट उंची मावते. म्हणजे उभा नट डोक्यापासून पायापर्यंत, शेजारी आणखी दोघं. झूम नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, एकांकिकेला हेच माप बरोबर बसतं. पहिल्या रांगेचा मोह मात्र टाळा. रंगमंच उंच असतो, तिथून नटांच्या नाकपुड्या दिसतात आणि पावलं कापली जातात. मधल्या वाटेलगतची पाचवी-सहावी रांग मला सर्वांत आवडते.

ती लेन्स सताड एफ १.८ ला उघडू नका. पाच मीटरवर एफ १.८ ला जेमतेम दोन फूट खोली फोकसमध्ये असते, एफ २.८ ला साडेतीन फूट. एक पाऊल पुढे टाकणाऱ्या मुलीसाठी तो दीड फूट फार मोलाचा असतो. म्हणून माझी सुरुवातीची मांडणी अशी असेल: मॅन्युअल, एफ २.८, १/२५०, आयएसओ १६००. तुमच्या 'भरत'च्या आकड्यांवरून हिशोब बरोबर इथेच येतो. कोथरूडला काळोख जास्त निघाला तर आयएसओ ३२००. त्यानेही भागलं नाही तर एफ २. शटर सगळ्यांत शेवटी, आणि १/१२५ च्या खाली नाही.

फोकसचं. या कॅमेऱ्यात नऊ पॉइंट आहेत, पण अंधारात भरवशाचा एकच, मधला. बाकीचे बंद करा. नाहीतर कॅमेरा स्वतःच्या मनाने निवडतो, आणि त्याचं मन मागच्या चौकटीवर जडतं. मधल्या पॉइंटला पकडायला ठसठशीत कड लागते: चष्म्याची काडी, टिकली, साडीचा काठ, कपाळ आणि केस यांची रेघ. सपाट गालावर तो चाचपडत राहतो. बटण अर्धं दाबून फोकस धरा आणि क्षण येईपर्यंत तसंच थांबा. नट पुढेमागे सरकला की पुन्हा धरा. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढू नका. त्यात फोकस संथ होतो आणि मागच्या रांगेतल्या आजोबांच्या डोळ्यांत उजेड जातो. एकदा अशाच एका आजोबांनी मला छत्रीने टोचलं होतं. त्यांची काही चूक नव्हती.

फ्लॅशचं तुम्ही पाळलंत, पण एक खबरदारी. ऑटो मोडमध्ये हा कॅमेरा अंधार बघून फ्लॅश आपला आपण उघडतो, म्हणून तो मोड टाळा. फोकस पकडण्यासाठीसुद्धा तो त्याच फ्लॅशचे झटके मारतो. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांचा फ्लॅश ऐन ब्लॅकआउटमध्ये उडाला. अंधारात जागा बदलणारं प्रेत सगळ्या थिएटरने पाहिलं.

आता ट्रायपॉड. ट्रायपॉड तुमचा हात धरतो, नटाचा नाही. लेन्समधल्या आयएसचंही (हाताचं हलणं सावरणाऱ्या यंत्रणेचंही) तेच. स्थिर वस्तूंसाठी दोन्ही उत्तम. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्यांनी उजळलेलं देऊळ काढायचं असेल, तर जरूर ट्रायपॉड लावा, आयएस बंद करा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, शटर लागेल तेवढं. तिथे कुणी हलत नाही. नाट्यगृहात मात्र ते तीन पाय जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांत येतात. त्यापेक्षा दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवा, पाठ खुर्चीला टेकवा, श्वास सोडत सोडत बटण दाबा. आणि एकेक न काढता तीन-तीनच्या झुबक्याने काढा. पहिल्यात बोट दाबण्याचा धक्का असतो, तिसऱ्यात सोडण्याचा, मधला बहुतेक वेळा निवांत असतो. हात किती स्थिर आहे हे ज्याचं त्याने तपासावं. माझा पूर्वी ५० एमएमला १/६० ला चालायचा, आता १/१०० लागतं. वय झालं.

यापुढचं कॅमेऱ्याच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळत नाही, आणि मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं. हालचालीला सम असते. कथकची तिहाई सुटते, तिसऱ्या 'धा'ला नर्तिका समेवर येते आणि क्षणभर गोठते. त्या क्षणी १/६० लाही फोटो कडक येतो. त्याच्या निमिष आधी १/५०० सुद्धा कमी पडतं. गवई तान घेताना हात हवेत फिरवतो, समेला तो खाली टेकतो. उडी मारणारा मुलगा सर्वांत वर पोचला की क्षणभर लटकतो. नाटकात ही जागा वाक्याच्या शेवटी असते. नट वाक्य टाकतो, समोरच्याकडे बघतो, आणि उत्तर येईपर्यंत दोघंही थांबतात. नवशिके फोटोवाले वाक्य चालू असताना दाबत राहतात, कारण तेव्हा 'काहीतरी घडतंय' असं वाटतं. त्यात तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात पुसट. तुमचे ते नऊ चांगले फोटो पुन्हा उघडून बघा. माझी पैज आहे, त्यातले सात तरी अशा थांब्यावरचे असतील. समेची सवय मला कॅमेऱ्यापेक्षा सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मागे बसून जास्त लागली. तुमच्याकडे तर त्याहून सोपा मार्ग आहे. भाचीकडून संहिता घ्या आणि एकदा वाचा.

सगळंच गोठवायचं असं नाही, हेही सांगतो. लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत ढोल काढताना मी मुद्दाम १/३० ला येतो. वादकाचा चेहरा स्थिर असला तर टिपरू पुसट झालेलं छान दिसतं, त्यात ठेका दिसतो. पण चेहरा तरी स्थिर हवा. नाहीतर लोक त्याला कला न म्हणता चूक म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

एलईडी लाइटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण येणारच आहे. नुसत्या लाल किंवा निळ्या झोतात काढलेला चेहरा फोकसमध्ये असूनही मेणासारखा गुळगुळीत दिसतो, कारण एकच रंग ठासून भरतो आणि त्यातले बारकावे मिटतात. तिथे फोकसला दोष देऊ नका. थोडा कमी उजेड घ्या, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, आणि घरी कृष्णधवल करून बघा. पुष्कळदा फोटो जिवंत होतो. फोटोत आडवे पट्टे दिसले, तर तो लाइटच्या लुकलुकीचा प्रताप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बऱ्याच दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो, म्हणून १/१०० किंवा १/५० ला पट्टे अनेकदा जातात. १/१२५ च्या खाली जाऊ नका म्हणालो त्याला हा एक अपवाद. काही एलईडींची लय निराळीच असते, तिथे दोन-चार आकडे फिरवून बघण्याला पर्याय नाही.

कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन कमीत कमीवर ठेवा. ते दाण्यांबरोबर पापण्याही पुसतं. रॉ असेल तर हे काम घरी सॉफ्टवेअर जास्त समजुतीने करतं.

प्रयोगाच्या आधी संस्थेची परवानगी घ्या, आणि जमलं तर रंगीत तालमीला जा. तिथे लाइट तेच, कपडे तेच, मेकअप तोच, आणि मागे छत्रीवाले आजोबा नाहीत. हवं तिथे उभं राहता येतं. बाहेर लावलेले नाटकांचे जे फोटो तुम्हाला आवडतात, त्यातले कितीतरी तालमीतले असतात.

तालमीलाही जाणं जमलं नाही, तर घरीच करा. रात्री हॉलमधला एकच दिवा भिंतीकडे वळवून ठेवा, मागे गडद चादर टांगा आणि भाचीला तिचे संवाद म्हणायला सांगा. आधी १/१५, मग १/६०, मग १/२५०. प्रत्येकी वीस फोटो, आणि थांबा येईल तेव्हाच दाबायचं. तासाभरात तुमचा हात तयार होईल, तिचे संवाद पाठ होतील. आणि कॅमेऱ्याचा बीप आजच बंद करा, तेवढं प्रयोगाच्या दिवसावर ठेवू नका.